महिन्याची वर्गणी आणि पोस्टाचे तीन दिवस

२९ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेत नेटफ्लिक्सने आपले शेवटचे लाल पाकीट टपालात टाकले. पोस्टाने सिनेमाच्या डीव्हीडी भाड्याने देण्याचा तिचा धंदा पंचवीस वर्षे चालला आणि या काळात ५२० कोटींहून अधिक डीव्हीडी घरोघर गेल्या. आपल्याकडे या बातमीची फारशी कुणी दखल घेतली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते. भारतात ही कंपनी आली ती २०१६ साली, आणि आली तीच मुळी मोबाईलवर आणि टीव्हीवर. ती पोस्टमनच्या पिशवीतून मोठी झाली असे सांगितले तर आमच्या ऑफिसातली नवी पोरे हसतात.

मला या पाकिटांविषयी लिहावेसे वाटते ते दोन कारणांनी. एक म्हणजे कुठली योजना स्वस्त, कुणाची सेवा चांगली, याचा जो हिशेब त्या काळी तिकडे मांडला गेला तो माझ्या मते चुकीच्या रकान्यात मांडला गेला. दुसरे म्हणजे तो हिशेब नीट मांडला तर आपल्या गोव्यातल्या ग्रंथालयांना त्यातून उचलण्यासारखे काहीतरी आहे. दुसऱ्या मुद्द्यावर शेवटी येतो. थोडा धीर धरा.

माझी माहिती काही पुस्तकी नाही. माझा मावसभाऊ (आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो) २००३ पासून नऊ वर्षे न्यू जर्सीत नोकरीला होता. आमच्या आजोबांची एक खोड आम्हा दोघांतही उतरली आहे, पैन् पैचा हिशेब वहीत लिहिण्याची. मी त्यामुळे कारकून झालो आणि तो इंजिनियर होऊनही कारकूनच राहिला. त्याच्या ई-मेलमध्ये सिनेमाविषयी दोन ओळी असत आणि सिनेमा किती सेंटांना पडला याविषयी दहा. त्याच्या त्या दहा ओळींमुळेच मला या धंद्याची गोडी लागली.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही महिन्याची ठरावीक वर्गणी भरायची. कॉम्प्युटरवर आपल्याला हव्या त्या सिनेमांची यादी करून ठेवायची. त्यातल्या पहिल्या तीन डीव्हीडी कंपनी पोस्टाने घरी पाठवते. कितीही दिवस ठेवा, दंड नाही. एक बघून झाली की त्याच पाकिटाची एक पट्टी फाडून ते परत चिकटवायचे, परतीचे तिकीट आधीच लागलेले असते, आणि घराबाहेरच्या पत्रपेटीत टाकायचे. ती गोदामात पोचली की यादीतली पुढची निघते. बस्स. दुकान नाही, रांग नाही, "ती कॅसेट बाहेर गेलीय, शनिवारी या" असे सांगणारा माणूस नाही.

रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ या दोघांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये धंदा सुरू केला. तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम नऊशे-सव्वानऊशे सिनेमे होते आणि वर्गणीही नव्हती. प्रत्येक सिनेमाचे वेगळे भाडे होते. मासिक वर्गणी आली १९९९ साली, आणि धंद्याने खरे अंग धरले ते तेव्हापासून. हेस्टिंग्ज यांना दुकानदाराने एका कॅसेटचा ४० डॉलर दंड लावला आणि त्या चिडीतून ही कल्पना सुचली, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. रँडॉल्फ यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की ही सांगायला सोपी म्हणून रूढ झालेली गोष्ट आहे. आपल्याकडे प्रत्येक देवळाला एक आख्यायिका असते, तसेच हे. असो.

दंडाची गोष्ट खोटी असली तरी दंड मात्र खरा होता. ब्लॉकबस्टर ही त्या वेळची तिथली सर्वांत मोठी दुकानांची साखळी. २००० साली तिला उशिराच्या दंडातून सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले असे सांगतात. म्हणजे गिऱ्हाईक विसरभोळे असणे हा त्यांच्या धंद्याचा एक खांब होता. आमच्या म्हापशाच्या बाजारातला व्हिडिओ लायब्ररीवाला तरी काय वेगळा होता? वीस रुपये भाडे, शंभर रुपये डिपॉझिट, आणि रविवारी नेलेली सीडी सोमवारी संध्याकाळी सातनंतर दिली की आणखी वीस. पण तो दंड मागताना निदान ओशाळून हसायचा.

आता किमतींकडे येतो. २००४ हे वर्ष यात सगळ्यात मजेदार. तीन डीव्हीडींच्या योजनेची नेटफ्लिक्सची वर्गणी महिन्याला १९ डॉलर ९५ सेंट होती, ती त्यांनी जूनमध्ये २१ डॉलर ९९ सेंट केली. ऑगस्टमध्ये ब्लॉकबस्टरने पोस्टाची सेवा काढली १९ डॉलर ९९ सेंटांत, आणि वर दुकानातून महिन्याला दोन सिनेमे फुकट आणायची कूपने. वॉलमार्ट ही महाकाय दुकानसाखळी आधीपासून १८ डॉलर ७६ सेंटांत तेच देत होती. ॲमेझॉनही उतरणार अशी हवा झाली, तेव्हा नेटफ्लिक्सने नोव्हेंबरपासून एकदम चार डॉलर उतरवून १७ डॉलर ९९ सेंट केले. बाकीच्यांनीही उतरवले. डिसेंबरात ब्लॉकबस्टर १४ डॉलर ९९ सेंटांवर आली. एवढे करून ॲमेझॉनने ही सेवा सुरू केली ती इंग्लंडात, अमेरिकेत नाहीच. वॉलमार्टने २००५ च्या मे महिन्यात हात टेकले आणि आपली गिऱ्हाइके नेटफ्लिक्सकडे सोपवली. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मासळीवाली दर पाडते, आणि शेजारची पाटी उचलून गेली की परत चढवते. ब्लॉकबस्टरनेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दर पुन्हा १७ डॉलर ९९ सेंट केला.

वर्तमानपत्रांतून तेव्हा जे तुलनेचे तक्ते येत त्यात पहिला रकाना वर्गणीचा असे. १७.९९, १४.९९, १८.७६. वाचणारा साहजिकच सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवणार. माझे म्हणणे असे की हा रकाना जवळजवळ निरुपयोगी होता.

का ते पाहा. वर्गणी ही डीव्हीडीची किंमत नव्हेच. महिन्यात तुमच्या हाती किती डीव्हीडी पडल्या त्याने भागल्यावर किंमत निघते, आणि हा भाजक ठरतो पोस्टाच्या आणि गोदामाच्या दिवसांवर. सोमवारी डीव्हीडी आली, त्याच रात्री पाहिली, मंगळवारी पेटीत टाकली, बुधवारी गोदामात पोचली, त्यांनी त्याच दिवशी दुसरी पाठवली तर ती गुरुवारी येते. म्हणजे फेरा तीन दिवसांचा. हा झाला उत्तम योग. संसारी माणूस सोमवारी आलेली डीव्हीडी सोमवारीच बघत नाही. तो तीन दिवस टीव्हीवर ठेवतो, मग बघतो. तेव्हा फेरा सहा दिवसांचा धरू. तीस दिवसांत पाच फेरे, तीन डीव्हीडी, म्हणजे पंधरा सिनेमे. १७ डॉलर ९९ सेंटांना पंधराने भागा, एक डॉलर वीस सेंट पडतात.

आता समजा दुसरी कुणी कंपनी तीन डॉलर स्वस्त आहे, १४ डॉलर ९९ सेंट. पण तिचे गोदाम दूर आहे, जायला एक दिवस जास्त, यायला एक दिवस जास्त. फेरा आठ दिवसांचा झाला. महिन्याला सव्वाअकरा सिनेमे. भागाकार करा, एक डॉलर तेहतीस सेंट! तीन डॉलरने स्वस्त असलेली योजना दर सिनेमामागे तेरा सेंटांनी महाग पडली. गोदाम कुठे आहे, हा खरा पहिला रकाना. नेटफ्लिक्सने हे फार लवकर ओळखले आणि देशभर गोदामे वाढवत नेली, भराच्या काळात ती पन्नासाहून अधिक होती. बहुतेक गिऱ्हाइकांना एका दिवसात पाकीट मिळावे एवढाच त्यामागे हेतू. भाई नेहमी म्हणायचा, "मी सिनेमाचे पैसे देत नाही रे, मी पोस्टमनच्या एका दिवसाचे पैसे देतो."

याची दुसरी बाजूही आहे आणि ती कंपनीच्या अंगाने पाहिल्याशिवाय कळत नाही. तिकडे तेव्हा साध्या पत्राचे तिकीट ३७ सेंट होते. जाताना ३७, येताना ३७, मिळून ७४. एकगठ्ठा टपालाला थोडी सूट मिळायची ती सोडून देऊ. म्हणजे पंधरा सिनेमे बघणाऱ्या गिऱ्हाइकावर निव्वळ तिकिटांचा खर्च ११ डॉलर १० सेंट. पाकीट, नोकरचाकर, खुद्द डीव्हीडीची किंमत वेगळी. आणि चार सिनेमे बघणाऱ्यावर तिकिटांचा खर्च तीन डॉलरच्या आत. दोघांची वर्गणी मात्र एकच. तर मग कंपनीला कोण आवडणार? जो पैसे भरतो आणि डीव्हीडी टीव्हीवर धूळ खात ठेवतो तो!

आणि झालेही तसेच. जे गिऱ्हाईक भराभर बघून भराभर परत करते त्याला पुढचे पाकीट मुद्दाम सावकाश पाठवायचे, मागणी जास्त आणि प्रती कमी असतील तेव्हा नवा सिनेमा आधी कमी बघणाऱ्याला द्यायचा, अशी पद्धत नेटफ्लिक्सने ठेवली होती. २००४ च्या सप्टेंबरात एका ग्राहकाने सॅन फ्रान्सिस्कोत यावरून दावा लावला. २००५ च्या सुरुवातीला कंपनीने आपल्या नियमांत ही पद्धत लेखी मान्य केली, आणि पुढे तडजोड म्हणून जुन्या ग्राहकांना महिनाभर एक पायरी वरची सेवा फुकट देऊ केली. "अमर्याद" हा शब्द जाहिरातीत होता आणि मर्यादा गोदामात होती.

मला हे सरळसरळ अन्यायाचे वाटते. खानावळीत महिन्याचे पैसे भरून चार घास जास्त खाणाऱ्याच्या पानात वाढपी उशिरा येतो, तशातला प्रकार. खानावळवाल्याचा तोटा मला कळतो, हिशेब मीच वर मांडून दाखवला. मग बारा सिनेमांची मर्यादा आहे असे पाटीवर लिहा की! लिहिले असते तर पाटी कुणी वाचली नसती, एवढेच. गंमत म्हणजे या सावकाशीचा हिशेब सामान्य तक्त्यांत कधीच आला नाही, कारण तक्ता करणारा पत्रकार योजना घेतो, महिनाभर वापरतो आणि लेख लिहून मोकळा होतो. सेवा मंदावते ती त्यानंतर. कुठल्याही मासिक वर्गणीची परीक्षा सहाव्या महिन्यात घ्यावी, पहिल्या महिन्यात सगळेच गोड बोलतात.

ब्लॉकबस्टरच्या हातात एक हुकमी पान होते, ते म्हणजे दुकाने. २००६ च्या नोव्हेंबरात तिने ते टाकले. पोस्टाने आलेली डीव्हीडी जवळच्या दुकानात परत द्या आणि तिथल्या तिथे दुसरी फुकट घेऊन जा. त्यामुळे पोस्टाचा फेरा चालू असतानाही घरात सिनेमा येत राहिला. सेवेच्या दृष्टीने मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात गिऱ्हाइकाला मिळालेली ही सर्वोत्तम योजना. २००७ च्या दुसऱ्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे सभासद पहिल्यांदाच घटले ते यामुळे. पण प्रत्येक फुकट सिनेमागणिक ब्लॉकबस्टरच्या गल्ल्यातून पैसे जात होते. वर मालकांत भांडणे. त्याच वर्षी प्रमुख बदलला, नव्या प्रमुखाने दर वाढवले, आणि गिऱ्हाईक आले तसे गेले. २०१० च्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि २०१३ अखेर पोस्टाची सेवाही मिटली. सर्वोत्तम सेवा देणारा टिकतोच असे नाही, हे आपल्या गावातल्या कुठल्याही चांगल्या हॉटेलाकडे बघून कळते.

या साऱ्यात ज्याचे नाव कुणी घेत नाही तो अमेरिकेचा पोस्ट खाता. २००७ च्या नोव्हेंबरात तिथल्या पोस्टाच्या महानिरीक्षक कार्यालयाने अहवाल दिला. एका डीव्हीडी कंपनीची परतीची पाकिटे इतकी लवलवीत की सुमारे ७० टक्के पाकिटे यंत्रात अडकतात म्हणून हाताने निवडावी लागतात, आणि त्यापायी दोन वर्षांत ४ कोटी १९ लाख डॉलर मजुरी जास्तीची गेली. म्हणजे भाईचा एक डॉलर वीस सेंटांचा सिनेमा खऱ्या अर्थाने तेवढ्याला नव्हताच. त्यातले थोडे पैसे एखादा पोस्टातला कारकून आपल्या बोटांनी भरत होता. कारकून म्हणून मला हा आकडा सगळ्यांत जास्त लक्षात राहिला आहे.

आता मुख्य गोष्ट. या धंद्यातली सर्वांत मोलाची वस्तू किंमतही नव्हे आणि वेगही नव्हे. ती म्हणजे कपाट. नऊशे सिनेमांपासून सुरुवात झालेल्या या कपाटात पुढे लाखभर सिनेमे झाले. भाईने न्यू जर्सीतल्या एका अपार्टमेंटात बसून कुरोसावा पाहिला, सत्यजित राय पाहिले, मूकपट पाहिले. दुकानदार ज्या डीव्हीडीला वर्षातून एकदा हात लागेल ती ठेवत नाही, त्याला जागेचे भाडे असते. देशभरातून वर्षाला तीनशे माणसे मागतील ती डीव्हीडी मात्र पोस्टाच्या गोदामात सुखाने राहते.

आणि हे कपाट इतके मोठे होऊ शकले ते एका कायद्यामुळे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात असे आहे की सिनेमाची अस्सल प्रत एकदा विकत घेतली की ती भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९८४ साली यातून वगळले, सिनेमा राहिला. त्यामुळे नेटफ्लिक्स बाजारात जाऊन कुठलीही डीव्हीडी विकत घेऊन पाठवू शकत होती. निर्माता राजी असो वा नसो. इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला मात्र प्रत्येक सिनेमासाठी करार लागतो, आणि करार संपला की सिनेमा जातो. २००८ साली नेटफ्लिक्सने स्टार्झ या वाहिनीशी करार केला, त्यातून डिस्नेचे कितीतरी सिनेमे इंटरनेटवर मिळू लागले. २०१२ च्या फेब्रुवारीअखेर करार संपला आणि ते एका रात्रीत दिसेनासे झाले. लाल पाकिटातून मात्र तेच सिनेमे मागाहूनही येत राहिले. डीव्हीडीला करार नको होता, तिची पावती पुरेशी होती.

२०११ च्या जुलैत कंपनीने दोन्ही सेवांची फारकत केली. दोन्ही मिळून ९ डॉलर ९९ सेंटांत मिळत होते ते आता प्रत्येकी ७ डॉलर ९९ सेंट, म्हणजे दोन्हींचे १५ डॉलर ९८ सेंट झाले. सप्टेंबरात डीव्हीडीच्या धंद्याला क्विकस्टर असे वेगळे नाव देण्याचे जाहीर केले आणि लोक इतके खवळले की तीन आठवड्यांत ते मागे घेतले. त्या तीन महिन्यांत आठ लाख सभासद सोडून गेले. भाईने तेव्हा काय केले असेल? इंटरनेटची वर्गणी बंद केली आणि डीव्हीडीची ठेवली. सगळे उलट करत होते. त्याने मला लिहिले की आठ डॉलरात त्याला लाख सिनेमांचे कपाट हवे, कंपनी दाखवील ते नको. मला त्याचा निर्णय आजही बरोबर वाटतो. पण बहुसंख्य लोक दुसरीकडे गेले, आणि कपाट बारा वर्षे हळूहळू रिकामे होत गेले.

आपल्या देशात हा धंदा आला नाही असे नाही. बंगळूरुची सेव्हंटीएमएम, २००८ साली आलेली रिलायन्सची बिगफ्लिक्स, अशा सेवा मोठ्या शहरांत चालल्या. आमच्या गावापर्यंत त्यांतली एकही आली नाही. तिथेही काही वर्षांतच हा धंदा मागे पडला. त्याला कारणे बरीच. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. वीस रुपये भाडे आणि अठ्ठावीसला विकत, मग भाड्याने कोण आणणार? त्याहून स्वस्त चोरट्या प्रती फुटपाथवर होत्याच. पण एक कारण कायद्याचे होते आणि ते फारसे बोलले जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क तेव्हा निर्मात्याकडेच राहत असे, मग ती प्रत आधी कितीदा का विकली गेलेली असेना. अमेरिकेच्या बरोबर उलट. दिल्ली उच्च न्यायालयात वॉर्नर ब्रदर्सने अशाच एका लायब्ररीवाल्याविरुद्ध दाद मागितली. तो अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे भाड्याने देत होता, आणि २००९ साली निकाल त्याच्या विरोधात गेला. म्हणजे आपल्याकडे लाख सिनेमांचे कपाट कुणा व्यापाऱ्याला उभे करायचे तर आधी लाख परवानग्या. ते होणे नव्हते.

पण २०१२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली. निर्मात्याचा हक्क "व्यावसायिक भाड्या"पुरता ठेवला गेला, आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने वा शिक्षणसंस्थेने कायदेशीर मार्गाने घेतलेली प्रत नफ्याविना वाचकाला दिली तर ते व्यावसायिक भाडे नव्हे, असे कलम २ मध्ये स्पष्ट घातले. माझ्यासारख्या फायली चाळणाऱ्या माणसाला असे वाक्य सापडले की त्याला रात्री झोप येत नाही. जे व्यापाऱ्याला करता येत नाही ते आपल्या ग्रंथालयाला करता येते!

आणि ग्रंथालयांची आपल्याला काय कमी? पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे. आज ते कृष्णदास शामांच्या नावाने पाटोवर प्रशस्त इमारतीत आहे. तालुक्यातालुक्यात सरकारी वाचनालये आहेत, गावोगावी संस्थांची आहेत. त्यांनी मराठी आणि कोकणी डीव्हीडींचे कपाट उभे करावे आणि ते पोस्टाने फिरवावे, असे माझे म्हणणे आहे. पंचवीस वर्षांच्या मराठी-कोकणी बाजारात काय काय निघाले ते आठवा. "श्वास"सारखे राष्ट्रीय पुरस्काराचे चित्रपट निघाले, नाटकांच्या व्हीसीडी निघाल्या, तियात्रांच्या निघाल्या. आणि त्याहून महत्त्वाचे, एखाद्या हौशी मंडळाने आपल्या संगीत नाटकाचे चित्रण करून काढलेल्या शंभर-दोनशे प्रती, कुणा कीर्तनकाराच्या सप्ताहाच्या सीडी, जत्रेतल्या दशावताराचे रात्रभराचे चित्रण. हे कुठल्याही कंपनीच्या ॲपवर येणार नाही, कारण करार करायला तिकडून कुणी इकडे येणार नाही. हे सगळे आज लोकांच्या शोकेसमध्ये, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पडून आहे, आणि सीडी प्लेयर बिघडला म्हणून भंगारवाल्याकडे चालले आहे.

कुणी म्हणेल, आता डीव्हीडी लावायची कशावर? प्रश्न रास्त आहे. नव्या लॅपटॉपला खाच नसते. पण बाहेरून जोडायचा ड्राइव्ह हजार-दीड हजारांत मिळतो, आणि ग्रंथालयाने असे दहा-वीस ड्राइव्ह घेऊन डीव्हीडीबरोबरच महिनाभर द्यावेत. पुस्तकाबरोबर चष्मा देण्यातला प्रकार वाटेल, पण वाटू दे.

पोस्टाचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. डीव्हीडीचे वजन सुमारे १६ ग्रॅम, पाकीट आणि पुठ्ठा धरून तीसेक. साध्या पत्राचा दर कित्येक वर्षे पहिल्या २० ग्रॅमला पाच रुपये आणि पुढच्या २० ग्रॅमला पाच असा होता. त्या हिशेबाने जाऊन-येऊन वीस रुपये. दोनशे सभासद, महिना पन्नास रुपये वर्गणी, जमा दहा हजार. प्रत्येकाला महिन्याला दोन डीव्हीडी म्हणजे चारशे फेऱ्या, टपालखर्च आठ हजार. उरलेल्या दोन हजारांत पाकिटे आणि मोडतोड. नफा शून्य, आणि कायद्याला तोच हवा आहे. कारकुनाचा पगार यात धरलेला नाही, तो सरकार देतेच आहे. आणि मर्यादा पाटीवर स्पष्ट लिहावी, महिन्याला दोन. कुणाला मुद्दाम सावकाश पाठवायची पाळी येणार नाही.

साध्या टपालात डीव्हीडी हरवतील, हे खरे. काणकोण-सांग्यापर्यंत जायला तीन दिवसही लागतील. तिथल्या लोकांना पोस्टाऐवजी तालुक्याच्या वाचनालयातून द्यावी, आठवड्याला एक पिशवी पणजीहून गेली की झाले.

सुरुवात मात्र छापील डीव्हीडींपासून करू नये, घरी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडींपासून करावी. कारखान्यात ठसा मारलेली डीव्हीडी नीट ठेवली तर बरीच वर्षे टिकते. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, आणि तो आपल्या दमट हवेत आणि उन्हात लवकर खराब होतो. हौशी मंडळांची चित्रणे बहुतेक अशाच सीडींवर आहेत. माझ्याकडे अशा एकवीस आहेत, त्यातल्या सहा आता लागत नाहीत. उरलेल्या पंधरांची यादी मी नाटकाचे नाव, गाव आणि वर्ष घालून केली आहे. ज्यांच्या घरी अशा सीडी असतील त्यांनी या पावसाळ्याआधी एकदा लावून पाहाव्यात.